शकुनबाईच्या व्हॅनचा पंखा

गाडी म्हातारी झाली म्हणून तिला नावं ठेवणारे कोंढा गावात पुष्कळ होते, पण शकुनबाईच्या तोंडावर तसं बोलायची कोणाची टाप नव्हती. व्हॅन खडखडत रस्त्यानं गेली की पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले रिकामटेकडे एकमेकांना कोपरानं ढोसायचे, एवढंच. शकुनबाई खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायची, "हासा लेकहो, हासा. उद्या बायकोले दवाखान्यात न्यायचं पडलं तं हाच डब्बा येईन तुमच्या दारात." मग त्यांचा खर्रा तोंडातल्या तोंडात राहायचा.

व्हॅन पवनीच्या एका कॉन्व्हेंटची होती. पोरांची ने-आण करून करून तिची हाडं खिळखिळी झाली तेव्हा तिथल्या लोकांनी ती विकायला काढली. शकुनबाईसारख्या बाईनं ती का घ्यावी, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून आधी ते सांगतो.

शकुनबाई आता पन्नाशीला टेकलेली. एके काळी रोवणीतली एक नंबरची बाई. रोवणी म्हणजे चिखलात कमरेतून वाकून, मागं मागं सरकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायचे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मंगलाबाईच्या टोळीत शकुनबाईचा हात सगळ्यांत चालता. बाकीच्यांची ओळ अर्ध्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, असायची तेव्हा ही धुऱ्याला, तिच्या बांधाला, टेकून त्यांना चिडवत असायची. मग गुडघे गेले. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, आता वाकायचं नाही आणि चिखलात तर पायच घालायचा नाही.

एक अख्खा हंगाम ती घरी बसली. सकाळी टोळी हसत-खिदळत दारावरून जायची आणि ही भांडी घासता घासता हात थांबवून ऐकायची. कोण कोणाला चिडवतंय, कोणाची सून रुसलीय, कोणाच्या डब्यात आज काय आहे, सगळं आवाजावरून कळायचं. त्यात आपलं नाव कुठंच नाही, हेही कळायचं. गुडघ्यांचं दुखणं तिनं सोसलं, पण हे सोसवेना. एके सकाळी ती नवऱ्यासमोर, तुलारामसमोर, ओक्साबोक्शी रडली. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्या माणसानं तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

तुलाराम कमी बोलणारा माणूस. एवढंच म्हणाला, "रोवता येत नाही तं नको रोवू. त्यायले नेत जा."

तो आपला सहज बोलून गेला, पण हिनं ते धरूनच ठेवलं. गाडी चालवायला शिकली. लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि ती पिवळी म्हातारी व्हॅन आणून दारात उभी केली. तेव्हापासून मंगलाबाईची टोळी शकुनबाईच्या गाडीनं जायला लागली. बसायच्या जागा आठ आणि बायका दहा, पण कोणाची तक्रार नव्हती. बायका रोवत असताना शकुनबाई धुऱ्यावर तीन दगड मांडून काळा चहा उकळायची आणि तिथूनच सगळ्यांच्या खोड्या काढायची. "मंगलाबाई, तुही ओळ पाह्यून साप बी लाजन वं!" असं ती ओरडली की अख्खी बांधी हसायची. गाडी तिची होती म्हणून ती टोळीत होती. हे तिला जितकं माहीत होतं तितकंच इतरांनाही माहीत होतं.

एक गोष्ट मात्र तिला टोचायची. ह्या टोळीची एक रीत होती. हंगामातली शेवटची बांधी संपत आली की मंगलाबाई पऱ्ह्याची शेवटची पेंडी सोडायची आणि प्रत्येकीच्या हातात एकेक मूठ द्यायची. सगळ्या एकदम वाकून ती मूठ लावायच्या आणि मग एकमेकींच्या गालाला चिखल फासायच्या. मूठ मिळाली ती टोळीची. दोन वर्षं शकुनबाई धुऱ्यावर उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवत होती. मंगलाबाईचं तरी काय चुकत होतं? मूठ रोवणाऱ्यांची. शकुनबाई कोणाजवळ एका शब्दानं बोलली नाही.

आता गाडीच्या आतली गंमत ऐका. चिखलाच्या पायांनी बायका घसरू नयेत आणि पत्राही सडू नये म्हणून शकुनबाई रोज सकाळी गाडीत कोरडी तणीस अंथरायची. तणीस म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा; आमच्याकडे घरोघरी ढीग लागलेले असतात. ही युक्ती तिची स्वतःची, आणि तिचा तिला भारी अभिमान. तक्रार एकटीचीच असायची, रंभाबाईची. रंभाबाई अंगानं भरदार, म्हणून तिला पुढं, डायवरच्या डाव्या हाताला बसवायचे. तिचं रोजचं एकच गाऱ्हाणं: "माह्या पायाजवळची तणीस कुठं जाते वं? सकाळी टाकते, सांजेलोक साफ!"

"तूच खात असशीन," शकुनबाई म्हणायची, आणि मागच्या बायका "रंभाबाईले दावं बांधा वं" म्हणून खिंकाळायच्या.

तर आषाढातला तो शुक्रवार. टोळीचं काम अड्याळच्या पलीकडे लागलेलं. पावसाळ्यात दहा ओल्या बायका एका बंद गाडीत बसल्या की काय होतं, हे एकट्यानं मोटारीत फिरणाऱ्या माणसाला नाही कळायचं. ओली लुगडी, ओले केस, ओल्या प्लास्टिकच्या खोळी, त्यात दहा जणींचे श्वास. पाच मिनिटांत काचेला आतून वाफ धरते आणि समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. ती वाफ घालवायला गाडीत समोर एक पंखा असतो. त्याचं गोल बटन पिळलं, एक, दोन, तीन, की तो काचेवर वारा फेकतो आणि काच खालून वर साफ होत जाते. शकुनबाईच्या गाडीचं ते बटन आठवडाभर कुरकुरत होतं. एकवर चालेना, मग दोनवर चालेना. त्या संध्याकाळी तीनवर 'चर्र' झालं, जळका वास आला आणि पंखा मेला.

गाडी तेव्हा नेमकी तलावाच्या पाळीवर होती. अरुंद रस्ता, एका अंगाला भरलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला खोल बांध्या. "पुस वं, पुस!" शकुनबाई ओरडत होती आणि रंभाबाई पदरानं काच पुसत होती, पण पुसलेलं तितक्याच वेगानं परत धुरकटत होतं. समोरून ट्रॅक्टर आला. त्याचा दिवा दिसला तो अगदी नाकासमोर आल्यावर. शकुनबाईनं स्टेअरिंग ओढलं, डावं चाक पाळीच्या कडेवरून घसरलं, गाडी कलली, डबे धडाधडा खाली पडले. आणि थांबली. ट्रॅक्टर निघून गेला.

कोणाला खरचटलं नाही. पण घरी येईस्तोवर गाडीत एक अवाक्षर कोणी बोललं नाही, आणि शकुनबाईला त्याचीच जास्त भीती वाटली. ह्या बायका मयतीला गेल्या तरी परत येताना बोलतात.

गाव आलं. सगळ्या उतरल्या, मंगलाबाई मागं राहिली. वाळक्या अंगाची, कडक बाई. वीस वर्षं टोळी चालवत होती. "शकुन, राग नको मानू," ती म्हणाली. "माह्या भरवशावर नऊ घरच्या बाया निघतात. शनिवार-रविवार काम गावातच हाये, पायी जाऊ. सोमवारी काच साफ दिसली तं तुह्या गाडीत बसू. नाही तं भैय्यालालची गाडी सांगते मी."

भैय्यालाल अड्याळचा. नवी कोरी गाडी, थंडगार हवेची, आणि चालवायला त्याचा स्वतःचा माणूस. म्हणजे शकुनबाई परत दारात भांडी घासत बसणार. पण बोलली ती ताठ मानेनं.

"सोमवारी काच आरशासारखी दिसन. नाही दिसली तं मीच जाईन भैय्यालालले सांगाले."

शनिवारी सकाळीच ती गाडी घेऊन पवनीच्या मिस्त्रीकडे. मिस्त्रीनं समोरचं प्लास्टिक खोललं, डोकावलं आणि ओठ मुडपले.

"बटन जळलं, काकू. ह्या मॉडेलचं सुटं बटन येत नाही आता. पुरा पॅनल घ्यावा लागन, नागपूरवरून मागवून." त्यानं किंमत सांगितली. शकुनबाईच्या अख्ख्या हंगामाचं भाडं त्यात गेलं असतं, आणि पॅनल यायला आठवडा लागणार तो वेगळाच.

"दुसरा काही उपाय?"

"डायरेक्ट करून देतो. घरच्या लाइटचं बटन बसवतो, दोन वायरी सरळ जोडतो. फटकन चालू, फटकन बंद. पवनीत कितीतरी गाड्या तशाच चालून राहिल्या."

"अन वायर तापली तं?"

"तापली तं पाहू ना."

"दहा बाया बसतात माह्या मागं, भाऊ," शकुनबाई म्हणाली. "तिथं 'पाहू' नाही चालत. तू असं कर, ते जळलं बटन मले काढून दे."

"जळल्या बटनाचं का करता, काकू? चटणी?"

"चटणीच करते. दे."

जळकं बटन रुमालात बांधून तिनं गाडी पवनीतच सोडली आणि लाखनीची वाट धरली. दोन बसा बदलल्या. लाखनी म्हणजे हायवेचं गाव, दिवसरात्र ट्रकांची रीघ. तिथं केशवरावांचं भंगाराचं आवार असल्याचं तिला तुलारामकडून माहीत होतं. हायवेवर धडकलेल्या, आयुष्य सरलेल्या गाड्या तिथं एकावर एक रचलेल्या. केशवराव टिनाच्या शेडात खुर्ची टाकून बसले होते. पांढऱ्या मिशा, कपाळाला आठ्या.

"पंख्याचं बटन?" त्यांनी रुमालातला तुकडा पाहिला. "बाई, इथं माल वजनावर विकतो आम्ही. बटनं शोधाले माणूस नाही माह्याकडं."

"माणूस नको. मी शोधते."

"पावसात?"

"मग का छत्री धरता तुम्ही माह्या डोक्यावर?"

केशवरावांच्या आठ्या जराशा सैल झाल्या. त्यांनी हातानं मागचा कोपरा दाखवला. तिथं तिच्या गाडीच्या जातीच्या तीन व्हॅनी होत्या. पहिलीत समोरचं सगळंच चिंधड्या झालेलं. दुसरीत बटन होतं, दिसायला अगदी तसंच. मन म्हणालं, झालं, चला घरी. पण तिनं मागं वळवून पाहिलं तर तिच्या बटनाला चार पिना आणि ह्याला पाच. तिनं दात-ओठ खात ते परत तिथंच ठेवलं. तिसरी व्हॅन कुशीवर पडलेली होती. आत जायचं तर गुडघ्यावर बसून सरकत जायला हवं, आणि गुडघे तर बसू देईनात. शकुनबाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग सरळ पदर खोचला, चिखलात आडवी झाली आणि पाठीवर सरकत सरकत डोकं आत घातलं. पाऊस पायांवर पडत होता. एक स्क्रू गंजलेला, काही केल्या सुटेना. तिनं त्या स्क्रूला, त्या गाडीला, गाडी बनवणाऱ्याला आणि भैय्यालालला अशा शिव्या घातल्या की शेडातून केशवराव उठून आले. आणि त्याच वेळी स्क्रू सुटला.

चार पिना. जशाच्या तशा.

केशवरावांनी ते बटन एका जुन्या बॅटरीला लावलं, पुढं बल्ब धरला. एकवर लागला, दोनवर लागला, तीनवर लागला. "चांगलं हाये," ते म्हणाले. मग तिच्या जळक्या तुकड्याकडे निरखून पाहत राहिले. "पण हे एवढं जळलं कायले? फ्यूज आधी उडाले पाहिजे होता. घरी जाऊन पाहा, कोण्या शहाण्यानं फ्यूजच्या जागी तार घातली असन." त्यांनी खोक्यातून तीन फ्यूज आणि वायरीचा सॉकेट काढून दिला. "आता फ्यूज घाला. अन तो उडाला तं बटनाले शिव्या नका देऊ. बटनाच्या पुढं कोण जास्त करंट ओढून राहिलं, ते शोधा."

सगळं मिळून दोन किलो टमाटराच्या भावात आलं. परतीच्या बसमध्ये लोक तिच्याकडे वळून वळून पाहत होते, कारण बाई डोक्यापासून टाचेपर्यंत चिखलानं आणि ग्रीसनं माखलेली होती. तिला त्याचं काही नव्हतं. बटन तिच्या मुठीत होतं.

गाडी तिनं शनिवारीच घरी आणली आणि रविवारी अंगणात ती आणि तुलाराम तिच्या मागं लागले. आधी बॅटरीची तार काढली. तुलाराम ताटली घेऊन उभा. ती एकेक स्क्रू काढून ताटलीत टाकायची. फ्यूजच्या डब्यात खरंच तांब्याची तार पिळून घातलेली निघाली, कॉन्व्हेंटच्या कोण्या डायवरची करामत. ती फेकून नवा फ्यूज घातला. जळका सॉकेट कापून केशवरावांचा जोडला, रंगाला रंग पाहून, प्रत्येक जोडावर टेप गुंडाळून. बटन बसवलं. बॅटरी जोडली.

"पिळू?" तिनं विचारलं.

"पिळ ना. मी का मुहूर्त काढून देऊ?" तुलाराम म्हणाला.

पंखा घरघरला आणि चालू झाला. काचेवर वारा आला. शकुनबाईनं त्या वाऱ्यात तोंड धरलं आणि डोळे मिटून घेतले. असा आनंद तिला लायसन मिळालं तेव्हाही झाला नव्हता. आवाज जरा जड येतो असं तुलाराम म्हणाला, पण तिनं त्याला गप्प केलं.

सोमवारी सकाळी बायका बसल्या. बाहेर झड लागलेली, आतून वाफ धरली. शकुनबाईनं सगळ्यांना दिसेल असं हात उंच करून बटन पिळलं. काच खालून वर उघडत गेली. बायकांनी टाळ्या पिटल्या. मंगलाबाईनं डब्याची पिशवी नेहमीसारखी पुढं शकुनबाईच्या हवाली केली. तेवढं पुरे होतं.

आणि संध्याकाळी, पाळ दिसायला लागली तोच, पंखा कण्हायला लागला. घर्र... घर्र... आणि बंद. बघता बघता काच पांढरी.

शकुनबाईनं पाळीच्या अलीकडे गाडी थांबवली. पाऊस जोरात होता. मंगलाबाईनं दार उघडलं.

"उतरा वं बायांनो. पाळ पायी पार करू. अन शकुन, मी तुले म्हणलं होतं..."

"बोलू नको अजून," शकुनबाई म्हणाली. ती मागं वळून मंगलाबाईकडे सरळ पाहत होती. "सोमवार संपला नाही."

मंगलाबाई अर्धी खाली उतरलेली, तशीच थांबली.

शकुनबाईनं फ्यूजचा डबा उघडला. फ्यूज उडालेला. म्हणजे बटन जिवंत होतं! जळका वास नव्हता, काही नव्हतं. केशवरावांचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. बटनाचा गुन्हा नव्हताच कधी. पुढं कोणीतरी ओढत होतं. तिनं दुसरा फ्यूज घातला, बटन एकवर नेलं, कान दिला. घर्र. लगेच बंद केलं.

"कुठून येते वं हा आवाज?"

"माह्या पायाजवळून," रंभाबाई म्हणाली. "अन आताच तिथली तणीस सरसर सरकली. मी दोन वर्षांपासून सांगून राहिली, माह्या पायाजवळची तणीस जाते म्हणून. तुम्ही मले म्हैस बनवता."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. शकुनबाई रंभाबाईच्या पायांकडे पाहत राहिली. रंभाबाईच्या पायांपुढं, खाली, एक चौकोनी भोक होतं. पंखा हवा आत ओढतो ते भोक. तिथपर्यंत तणीस तिनंच अंथरली होती, रोज, आपल्या हातानं, कोरडी आणि भरपूर.

"सरक," ती म्हणाली.

रंभाबाई उतरली. शकुनबाई गाडीच्या त्या दारातून आडवी झाली, पाय बाहेर पावसात, पाठ चिखल-तणशीत, डोकं डॅशबोर्डखाली. कालचा पेचकस डब्यात होताच. तीन स्क्रू. कोणीतरी तिच्या पायांवर खोळ धरली. ती मंगलाबाई होती, हे तिला नंतर कळलं. तिसरा स्क्रू निघाला आणि पंखा तिच्या छातीवर पडला. पंखा कसला, सुगरणीचा खोपा! पात्यांभोवती तणीस गच्च गुंडाळलेली, वर कोंडा, मध्ये चिखल वाळून घट्ट झालेला. बिचारा फिरणार कुठून? तो जोर लावायचा, करंट ओढायचा, आणि जळायचं बटन.

"कोणं केलं हे?" मागून कोणीतरी विचारलं.

"मीच," शकुनबाई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माह्याच शहाणपणानं केलं. दहा जणीयचे पाय घसरू नये म्हणून दहा जणीयले तलावात घालत होती मी. अन रंभाबाई, तुही मी माफी मागते. तू खरं सांगत होती."

"जाऊ दे वं," रंभाबाई म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. "आधी ते साफ करू."

पऱ्ह्याच्या पेंडीतून एकेक काडी वेगळी करणारी बोटं ती. चार बायका त्या पंख्याला भिडल्या आणि बघता बघता पात्यान् पातं मोकळं झालं. शकुनबाईनं बोटानं टिचकी मारली, तर पंखा गरगर फिरत राहिला, थांबायचं नावच घेईना. तो परत चढवला. गाडीतली सगळी तणीस बायकांनी ओंजळी भरभरून बाहेर फेकली. उजेड अजून होता.

बटन तीनवर. आवाज असा हलका की पंखा चालू आहे की नाही कळू नये. काच खालून उघडत गेली: आधी रस्त्याची कड, मग पाळ, मग तलावाचं पाणी, आणि पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला एक ट्रॅक्टर. शकुनबाई गाडीतच थांबली, ट्रॅक्टरला पाळ पूर्ण ओलांडू दिली, आणि मग गाडी पाळीवर घातली. मंगलाबाई आत बसलेली होती.

गावात उतरताना मंगलाबाई एवढंच म्हणाली, "उद्या सहाले ये. उशीर नको करू."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाई आपापल्या घरून एक रिकामं पोतं घेऊन आली आणि आपल्या पायाखाली अंथरून बसली. ठरवलं कोणी, कोण जाणे. शकुनबाईनं विचारलं नाही. पंखा मात्र त्यानंतर हंगामभर एकदाही अडखळला नाही. उरलेला एक फ्यूज डब्यात तसाच आहे.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. शेवटची बांधी दुपार कलताना संपत आली. मंगलाबाईनं शेवटची पेंडी सोडली, एकेकीच्या हातात मूठ दिली. शकुनबाई नेहमीसारखी धुऱ्यावर उभी होती, टाळ्या वाजवायच्या तयारीत. सगळ्यांना देऊन झालं तरी मंगलाबाईच्या हातात एक मूठ उरली होती. ती चिखल तुडवत धुऱ्यापाशी आली.

"धर."

"मले वाकता नाही येत, मंगलाबाई. अन चिखलात पाय..."

"वाकाले कोण सांगून राहिलं? त्या दिवशी गाडीत कशी झोपली होती? तशीच झोप."

रंभाबाईनं गाडीतून पोती आणून धुऱ्यावर अंथरली. शकुनबाई त्यांच्यावर पालथी झाली. पाय कोरड्यावर, हात बांधीत. डॉक्टरनं पाय घालायला मना केलं होतं, हाताचं तो काही बोलला नव्हता. "हं!" मंगलाबाई म्हणाली आणि सगळ्या एकदम वाकल्या. शकुनबाईची बोटं चिखलात गेली, कोपरापर्यंत. गार, मऊ, ओळखीचा चिखल. तिनं पऱ्हे लावले आणि बोट काढून घेताना नेहमीचा दाब दिला. एकही पऱ्हा आडवा झाला नाही. मग ती धुऱ्यावर तशीच पडून हमसून हमसून रडली, आणि दहा जणींनी मिळून तिचं तोंड चिखलानं असं माखलं की फक्त डोळे दिसत होते.

परतताना कोंढ्याची वेस आली तेव्हा रंभाबाईनं तिचं तोंड पुसायला पदर पुढं केला. शकुनबाईनं मान बाजूला घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता पानठेल्यावरून जायचं हाये."